स्टिकरवर दोन लिंबं का

सांगलीच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या खिशात कायम पेनाएवढी बॅटरी असते.

मे महिन्यात साखर कारखाना बंद असतो. ऊस नसतो, बैलगाड्या नसतात, ट्रॅक्टरची रांग नसते. उरतं ते मैदानाएवढं मोकळं यार्ड आणि मळीचा वास.

माझ्या स्कुटीच्या टायरवर तीन सरळ रेघा आहेत.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

माझ्या उजव्या गुडघ्यावर एक डाग आहे. आई म्हणते, पेरूच्या पानासारखा दिसतो.

लिंबू चेपल्यावर दोन तासांत त्याच्या कडा वाळायला लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"वाळू दे," ताहीर म्हणाला होता. एवढंच.

*

रविवार, सकाळचे साडेनऊ. चौदा वर्षं झाली. कारखान्याच्या यार्डात चाळीसेक गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि मी वाकून फक्कीनं जमिनीवर पांढरी फुली मारत होतो.

"धन्या, फुली जरा अलीकडं घे की," ताहीर फियाटच्या खिडकीतून ओरडला.

"अलीकडं घेतली तर लोक म्हणतील, सोपं केलंय."

"लोकांना लिंबू दिसलं पाहिजे का नको?"

"दिसतंय की."

"कुठलं दिसतंय मर्दा! तू उभा हायस पुढं. फियाटीपेक्षा तूच मोठा दिसालायस."

मी बाजूला झालो आणि फुलीच्या मध्यावर लिंबू ठेवलं. पिवळं, टणक, आठवडी बाजारातून निवडून आणलेलं.

ताहीर मुजावर गॅरेजमधला. फियाट त्याच्या वडिलांची. एकोणीस वर्षं त्या गाडीनं इचलकरंजी ते कोल्हापूर वडाप केलं होतं, एका वेळी नऊ माणसं आणि एखादं बोचकं घेऊन. वडील दमले, गाडी दमली, मग ताहीरनं तिचं इंजिन उतरवून पुन्हा बांधलं आणि तिला नवीन काम लावलं: आडवं जायचं. आम्ही त्याला ड्रिफ्ट वगैरे म्हणायचो ते फक्त पोस्टरवर. आपापसात म्हणायचो, गाडी आडवी काढायची. वळणावर मागची चाकं मोकळी सोडायची, गाडी कुशीवर घसरत न्यायची, आणि तोंड भलतीकडं असलं तरी जायचं तिथंच जायचं.

इंजिन बांधून झालं त्या दिवशी माझ्या आईनं रीतीप्रमाणं चारही चाकांखाली लिंबं ठेवली. ताहीरनं जरा जास्तच जोरात गाडी काढली. मागचं चाक जागेवर फिरलं, गाडी तिरकी झाली आणि एक लिंबू दुकानाच्या पायरीपर्यंत उडालं. तेव्हा ललिता खोत, म्हणजे लली, रस्त्याच्या पलीकडून ओरडली, "तीन चेपलं! एक हुकलं!"

तिथूनच सगळं सुरू झालं. कुणी परीक्षक नको, गुण नकोत. जमिनीवर एक लिंबू ठेवायचं. गाडी आडवी घसरत आली पाहिजे आणि मागच्या चाकाखाली ते लिंबू गेलं पाहिजे. चेपलं तर चेपलं.

पुढं टी-शर्ट आणि स्टिकरांचा ब्रँड काढला, त्याचं नावही तेच ठेवलं. चेपलं.

*

पोस्टरवर मी छापलेला मजकूर, जसाच्या तसा:

टी-शर्ट कुणीही घ्यावा.
स्टिकर विकायचं नाही.
गाडी आडवी काढून लिंबू चेपलं, त्यालाच स्टिकर.
मालकांनाही हाच नियम.

शेवटची ओळ पण माझीच. छापताना फार ऐटदार वाटली होती.

माझं रेडियमचं दुकान आहे. मगदूम रेडियम. नंबरप्लेटी, 'आईचा आशीर्वाद', ट्रकच्या मागचे मोर आणि घोडे. गाडीवर काय चिकटतं ते मला कळतं. गाडीखाली काय असतं ते अजूनही कळत नाही. तरी त्या चार ओळींचा असा गवगवा झाला की साताऱ्याहून, बेळगावहून, एक तर थेट पुण्याहून गाडी घेऊन आला. विकत मिळत नाही म्हटल्यावर माणसाला ती वस्तू लगेच पाहिजे असते. मी तीनशे स्टिकरं कापून पिशवीत भरून आणली होती.

"आधी तुम्ही करून दाखवा," डॉक्टर आवटी म्हणाले. सांगलीचे दातांचे डॉक्टर. पन्नाशीचे, डोक्यावर पांढरी टोपी, जिप्सीच्या बॉनेटवर पाय सोडून बसलेले. "नियम तुमचा, मुहूर्त तुमचा. मालकांना जमलं नाही तर आम्ही कशाला टायर झिजवायचे? घरी जाऊन आंबरस खाऊ."

सगळे हसले. पण सगळ्यांनाच ते पटलं होतं.

*

फेरी पहिली.

झालं असं होतं की कारखान्याच्या टाइमकीपरनं सकाळी आठला प्रेमानं पाण्याचा टँकर फिरवला होता. पाहुण्यांच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून. यार्डातला मुरूम काळा ओला झाला होता. ताहीरनं खाली उतरून बुटाच्या टोकानं तो उकरला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला,

"वाळू दे."

"लोक ताटकळलेत."

"ताटकळू देत."

"सुरुवात तर कर. पहिली फेरी म्हणजे नमस्कार असतो."

तो गाडीत बसला.

लली माइकवर होती. ती इचलकरंजीच्या बसस्थानकावर गाड्या पुकारायची. सुट्टीच्या दिवशीही तिचा आवाज ड्युटीवरच असायचा.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. इचलकरंजीहून लिंबू फाट्याकडे जाणारी फियाट फलाट क्रमांक एकवर लागत आहे. गाडी आडवी जाईल. उभ्या प्रवाशांनी मागं सरकावे."

फियाट आली. वळणावर तिनं मागची कूस सोडली आणि साबणाच्या वडीसारखी सरकत सरकत लिंबापासून दोन हात लांबून निघून गेली. धुळीचा कण उडाला नाही. लिंबू जागच्या जागी.

"सदर गाडी लिंबू फाट्यावर न थांबता पुढे गेली आहे," लली म्हणाली. "गैरसोयीबद्दल दिलगिरी."

फेरी दुसरी.

ह्या वेळी त्यानं वेग कमी ठेवला. गाडी पूर्ण गोल फिरली आणि आली त्याच दिशेला तोंड करून थांबली.

"फियाट परतीच्या प्रवासाला निघाली आहे."

"भूल दिल्यावर माझे पेशंटसुद्धा एवढं गरगरत नाहीत," डॉक्टर बॉनेटवरून म्हणाले.

पुण्याच्या पोरानं हळूच आपल्या गाडीचं दार उघडलं. निघतोय की सावलीत बसतोय ते कळेना. बेळगावचे दोघं पोस्टरची शेवटची ओळ मोठ्यानं वाचत होते. ते वाचन मला आवडलं नाही.

मी फियाटपाशी धावलो.

"ताहीर, काय करालायस?"

"ओलं हाय. गाडी धरंना. अर्धा तास थांब."

"अर्धा तास? अर्ध्या तासात इथं फक्त आपण तिघं राहू."

"मग तिघं राहू. वाळू दे, धन्या."

मी त्याच्याकडं बघितलं. तो घामाघूम झाला होता, पण घाबरलेला वाटत नव्हता. ते मला जास्तच वाईट वाटलं. म्हटलं, ह्याला कळतच नाहीये काय पणाला लागलंय ते. मार्चमध्ये टेकडीमागच्या माळावर मी त्याचा सराव बघितला होता. एका संध्याकाळी वीस लिंबं ठेवली आणि वीसही उचलून घरी नेली. आईनं लोणचं घातलं. त्यानंतर मी बघायला गेलोच नव्हतो. कालचा सराव तर इथंच यार्डात होता. मला पोस्टर लावायला जायचं होतं. संध्याकाळी लली दुकानात येऊन म्हणाली होती, "अरे धन्या, ऐक की, आज..." मी कटरवर वाकलो होतो. "उद्या सांग," म्हटलं, "एक रेघ चुकली तर अख्खी शीट जाती."

लली बिचारी अर्धा तास किल्ला लढवत होती. तिनं आलेल्या प्रत्येक गाडीला एक गाव दिलं, एक फलाट दिला. डॉक्टरांच्या जिप्सीला 'विनाथांबा मिरज' केलं. लोक हसत होते म्हणून थांबले होते. ऊन चढलं. यार्ड काळ्याचं तांबूस झालं, मग पांढुरकं. मी ते बघतही नव्हतो. माझा हात सारखा शर्टाच्या खिशाकडं जात होता.

आता सांगून टाकतो. त्या सकाळी दुकानातून निघताना मी एक जादा लिंबू पायरीसमोर ठेवलं होतं आणि त्यावरून स्कुटी नेली होती. पहिल्या दणक्यात नीट चेपलं. ते प्लास्टिकच्या पुडीत घालून मी खिशात ठेवलं. समोर स्वच्छ लिंबू, खिशात चेपलेलं. वेळ आलीच तर.

लिंबू ठेवणारा मी, आणि फेरी झाल्यावर पहिल्यांदा धावत जाऊन बघणाराही मीच. हा पण नियम माझाच होता.

*

फेरी तिसरी.

"शेवटची सूचना," लली म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बसस्थानकासारखा वाटला नाही. "फियाट सुटत आहे."

वळणावर ताहीरनं गाडी आडवी टाकली आणि यार्डानं एकदम श्वास सोडल्यासारखा धुरळा उठला. तांबडा, भिंतीएवढा. फियाट त्यात गेली ती दिसेनाशीच झाली. नुसता इंजिनाचा आवाज, मग टायरांचा, मग लांब कुठंतरी ब्रेक.

मी धुरळ्यात पळालो. डोळे मिटलेलेच. फक्कीची फुली पायाखाली लागली असं वाटलं, तिथं पुडी उलटी केली, पुडी खिशात कोंबली आणि हात वर करून ओरडलो,

"चेपलं!"

तिकडून चाळीस गाड्यांचे हॉर्न वाजले. लली माइकवर नुसतीच "आई गं, आई गं" करत होती. धुरळा हळूहळू खाली बसायला लागला. मी हात वर करूनच उभा होतो. मग मला दिसलं की लोक माझ्या हाताकडं बघत नाहीयेत.

फुलीच्या मधोमध एक चेपलेलं लिंबू होतं. त्याच्या वीतभर अलीकडं दुसरं चेपलेलं लिंबू होतं.

हॉर्न एकेक करून बंद झाले.

*

डॉक्टर आवटी उकिडवे बसले. भर उन्हात त्यांनी खिशातली बॅटरी काढली आणि पेटवली. सवय.

"जरा सावली सोडा. हं. आ करा... म्हणजे, बाजूला व्हा."

त्यांनी फुलीतलं लिंबू दोन बोटांनी उचललं, कुणाच्या तरी कवळीचा ठसा बघावा तसं तिरकं धरलं.

"रिमोल्ड टायर. नागमोडी नक्षी. आतली बाजू जास्त झिजलेली. मागचं डावं." ते मान वळवून ताहीरच्या गाडीकडं बघून म्हणाले, "चाकाचं अलाइनमेंट करून घ्या हो तुमच्या. पण लिंबू अस्सल आहे. रस अजून वाहतोय."

म्हणजे त्यानं खरंच चेपलं होतं. मी हात खाली घेऊन ताहीरकडं निघालो आणि एका पावलावर थांबलो.

कारण डॉक्टरांनी आता दुसरं लिंबू उचललं होतं.

मी स्टिकरवाला. तिथं जमलेला एकूण एक माणूस टायरवाला. ज्या माणसांना टायरचा नुसता वास घेऊन त्याचं वय सांगता येतं, त्यांच्यापुढं मी स्कुटीखाली चेपलेलं लिंबू टाकलं होतं.

"अरुंद टायर," डॉक्टर म्हणाले. "तीन सरळ रेघा."

"स्कुटी," साताऱ्याचा एक जण मागून म्हणाला.

"पुढचं चाक," बेळगावचा म्हणाला.

"हवा कमी हाय," तिसरा म्हणाला.

"आणि हे आत्ताचं नाही," डॉक्टर बॅटरी विझवत म्हणाले. "कडा वाळल्यात. सकाळी सात-साडेसातचं असावं. कुणी आणली आहे का स्कुटी?"

कडुलिंबाखाली चाळीस गाड्यांच्या शेवटी एकच स्कुटी उभी होती. तिच्या पुढच्या मडगार्डवर, मीच कापलेल्या लाल अक्षरांत, मगदूम रेडियम.

ताहीर गाडीतून उतरून गर्दीतून आत आला. केसांत, भुवयांत धूळ. त्यानं आधी फुलीतलं लिंबू बघितलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो. मग त्यानं दुसरं बघितलं. मग मला. हसू गेलं नाही. जिथल्या तिथं थांबलं फक्त.

"ताहीर, मी..." मी म्हटलं.

"थांब."

त्यानं ललीच्या हातातून माइक घेतला.

"पोस्टरवर काय लिहिलंय? चेपलं त्याला स्टिकर. मी चेपलं. डॉक्टरांनी सांगितलं." तो थांबला. "आमच्या मालकानं पण चेपलंय. स्कुटीवरनं. पण गाडी आडवी काढून चेपलं का सरळ नेऊन, ते कुणी बघितलं न्हाई. काय म्हणता? बघूया का?"

मग पुण्याचा पोरगा, ज्यानं मघाशी दार उघडलं होतं, त्यानं ते धाडकन लावलं आणि म्हणाला, "बघूया की!"

नंतरचा हॉर्नचा आवाज कारखान्याच्या चिमणीला ऐकू गेला असेल.

"ताहीर, स्कुटी आडवी जात नाही रे," मी हळूच म्हणालो.

"मालकांनाही हाच नियम," तो म्हणाला.

लली माइकवर परत आली होती. तिच्या आवाजात आता संपूर्ण बसस्थानक होतं. "मगदूम रेडियमची स्कुटी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. गाडीत एकच प्रवासी आहे. त्याचं सामान त्याच्या खिशात आहे."

मी तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत भीतीनं आडवी काढलीच नाही, लोकांनी "सरळ! सरळ!" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या फेरीत स्कुटी थोडी तिरकी झाली आणि टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीत स्कुटी एकीकडं गेली, मी दुसरीकडं, आणि लिंबू दोघांच्या मधोमध अगदी कोरं करकरीत उभं राहिलं.

डॉक्टरांनी जिप्सीतून मलमपट्टीची पेटी आणली. गुडघा धुतला, पट्टी बांधली, मग सवयीनं माझा जबडा धरून बघितला.

"दात शाबूत आहेत. नीट लागली असती तर एखादा तरी हलला असता. प्रयत्न मनापासून नव्हता."

मग ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्यांनी आपल्या मालकालासुद्धा फुकट स्टिकर दिलं नाही, त्यांचं स्टिकर मला पाहिजे. लिंबू मांडा."

दुपारी दोनपर्यंत लिंबं मांडली. माणसं नऊ निघाली स्टिकर मिळवणारी. डॉक्टरांना सातव्या प्रयत्नात मिळालं आणि त्यांनी ते गाडीला न लावता दवाखान्याच्या दारावर लावलं.

*

ताहीर दोन आठवडे दुकानात आला नाही. एरवी तो दिवसातून तीनदा यायचा, काम नसताना. लली येऊन बसायची, म्हणायची, "सदर गाडी अनिश्चित काळासाठी उशिरानं धावत आहे," आणि मी हसायचो नाही म्हणून मग तीही उठून जायची.

मग एका सकाळी तो आला. हातात दोन पुड्या. टेबलावर ठेवल्या. दोन्ही लिंबं वाळून चामड्यासारखी झाली होती, पण नक्षी शाबूत होती. एकावर नागमोड, एकावर तीन रेघा.

"ह्यांचं चित्र काढ. स्टिकरवर घालायचं."

"हे घेतो," मी नागमोडीला हात लावला.

"दोन्ही."

"दुसरं कशाला रे?"

"एक मी चेपलं, एक तू."

मी कागद घेतला. पेन्सिलीला टोक नव्हतं, ते करत बसलो.

"धन्या," तो म्हणाला, "मी वाळू दे म्हटलं, तेव्हा तुला काय वाटलं?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. टेबलावर लिंबू होतं.

"वाटलं, सबब सांगालायस."

त्यानं मान हलवली. रागानं नाही; एखाद्या इंजिनातला आवाज कुठून येतोय ते कळल्यावर हलवावी तशी.

"बरं. तेवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला. "आता चहा सांग. आणि रेघा सरळ काढ. तुझ्या टायरला नक्षी न्हाई, तुला तेवढंच येतंय."

*

आता दर मेमध्ये दोनेकशे गाड्या येतात. दोन लिंबं का, असं लोक विचारतात. कुणी म्हणतं डावं चाक आणि उजवं चाक. कुणी म्हणतं चंद्र आणि सूर्य. लली एका पत्रकाराला म्हणाली, जाण्याचं आणि परतीचं तिकीट. ताहीर काहीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही. मी ती कापतो. आजवर किती हजार कापली देव जाणे, आणि प्रत्येकावर आधी नागमोड, मग तीन सरळ रेघा.

माझ्या स्कुटीवर ते स्टिकर नाही. दर वर्षी शेवटची फेरी माझी असते. लोक त्यासाठी थांबतात.

यार्डात आता कुणी टँकर फिरवत नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, कोरड्या यार्डात, ललीनं अकरा लिंबं मांडली होती आणि ताहीरनं अकराही चेपली होती. मी तेव्हा जयसिंगपुरात पोस्टर चिकटवत होतो.